उशिरा फुलणारे वाण

"या उद्यानातील खुळखुळ्याचे ताटवे महाविद्यालयाच्या निवृत्त विभागप्रमुख डॉ. सरिता डाखोळे यांनी खापरखेडा परिसरातून जतन केलेल्या स्थानिक वन्य वाणापासून वाढविण्यात आले असून, परागसिंचक कीटकांच्या पोषणाचा हा विदर्भातील आदर्श प्रयोग होय." काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेले हे वाक्य सरिताबाईंनी काठीवर भार टाकून दोनदा वाचले, आणि दोन वाचनांच्या मध्ये फार तर पंधरा मिनिटे गेली. पहिल्या वाचनात त्यांना त्यात केवळ गद्याचे दोष दिसले. प्रयोगाला आदर्श म्हणणाऱ्या माणसाला प्रयोग म्हणजे काय हे कधी कळलेले नसते. प्रयोग फसू शकतो, म्हणूनच तो प्रयोग असतो. 'परिसर' हा शब्दही ढिसाळ होता. परिसर कसला, साठ पावलांचा एक उतार होता तो, खापरखेड्याच्या वाटेवर, जिथून वीजकेंद्राची धुरांडी पहिल्यांदा दिसू लागतात तिथे, रस्त्याच्या डाव्या अंगाला. आणि दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा तो मुरमाखाली गेला. एवढे सारे एका 'परिसरा'त कोंबणे म्हणजे मृत्युलेखात माणसाचा पत्ता 'नागपूर विभाग' असा देण्यासारखे होते. तीस वर्षे विद्यार्थ्यांची वाक्ये दुरुस्त करण्यात गेल्यामुळे त्यांचा हात नकळत पर्समधल्या पेनाकडे गेला, आणि दगडाचा विचार मनात येऊन परत फिरला.

"किती वेळा वाचशील वं स्वतःचंच नाव?" शोभाताई मागून म्हणाल्या. शोभाताई इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिका, उद्यान समितीच्या सदस्य, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या साडेचार महिन्यांत सरिताबाईंचे फोन न कंटाळता घेणाऱ्या बहुधा एकमेव बाई. आज त्यांनीच आपल्या गाडीतून त्यांना जरीपटक्याहून इथवर आणले होते. "शुद्धलेखन तपासते आहे," सरिताबाई म्हणाल्या. "तपास. पण दगड आहे तो, खोडरबर नाही चालत त्याच्यावर." मग पदर सावरत, कौतुकाच्या सुरात, "तुझा खुळखुळा तर हिरो झाला ना. सदर भागातल्या पोट्ट्या येऊन राहिल्या रोज संध्याकाळी, रील काढायले. मागं सगळं पिवळं, मधात त्या. उद्घाटनाले तू पाहिजे होती. अध्यक्ष साहेब तुझ्यावर पाच मिनिटं बोलले. नाव डॉक्टर सविता म्हणाले, पण बोलले." सरिताबाई हसल्या. साडेचार महिन्यांनी घराबाहेरचे ऊन अंगावर घेताना माणूस पुष्कळ गोष्टींना हसतो. नोव्हेंबरची दुपार उतरणीला लागली होती, महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीची सावली अर्ध्या मैदानापर्यंत आली होती, आणि सावलीच्या पलीकडे तो पिवळा रंग होता: अखंड, दाट, इतका एकजिनसी की त्याच्याकडे पाहताना डोळ्यांना कुठे थांबावे ते कळू नये.

त्या रंगाने खरे तर त्यांना तिथेच थांबवायला हवे होते. कारण खुळखुळा एरवी पावसाळ्याच्या शेवटी फुलतो, सगळे माळरान फुलते तेव्हा, जेव्हा भुंग्यामाश्यांना कशाचीच ददात नसते. पण त्या उतारावरचे वाण निराळे होते. ते डिसेंबरात फुलायचे. तूर काढणीला आलेली, गवत पिवळे पडून कोलमडलेले, पळस फुलायला अजून दोन महिने, अशा उपाशी दिवसांत त्या साठ पावलांत पिवळ्या तुऱ्यांवर काळे भुंगे उतरत. भुंग्याच्या वजनाने खालची पाकळी दबली की सोऱ्यातून शेव निघावी तसा परागाचा बारीक धागा वर येई आणि त्याच्या पोटाला चिकटे. हे दृश्य सरिताबाईंनी अकरा हिवाळे, उतार गेल्यापासूनचे दोन गच्चीवरच्या कुंड्यांत, पाहिले होते आणि अकरा वर्षांच्या फुलण्याच्या तारखा एका निळ्या वहीत लिहिल्या होत्या. त्यांतली सर्वांत लवकरची तारीख चार डिसेंबर होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताहाचा मुहूर्त साधून उद्यानाचे उद्घाटन झाले, त्याची चित्रफीत त्यांचा जुना विद्यार्थी आणि आता त्यांच्याच विभागात शिकवणारा दुर्गेश याने फोनवर पाठवली, आणि त्यात वरून घेतलेला हाच पिवळा रंग दिसला, तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी किंचित हलले होते. पण ज्ञानी माणसाजवळ शंकेला गप्प बसवण्याची साधने अडाण्यापेक्षा जास्त असतात. बागेतली खतमाती, नळाचे पाणी, स्पर्धा करणारे गवत नाही, अशा वेळी फुलोरा अलीकडे सरकू शकतो; असे दाखले होते, आणि नसते तर त्यांनी ते शोधले असते. पलंगावर पाय उंच करून पडल्यापडल्या त्यांनी यावर चार पानांचे टिपणही मनात रचले, आणि ते फोनवर दुर्गेशला सांगितले. तो पलीकडून म्हणत होता, "हो मॅडम. लिहून घेतो मॅडम. पुढं सांगा." त्याने खरोखर लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी टंकलेखन करून त्यांना पाठवलेसुद्धा, एकही चूक नसलेले.

ताटव्यापर्यंत तीन पायऱ्या उतरून जावे लागत होते. रुपराव खाली बसून खुरपत होता. त्याने पाहिले, खुरपे टेकवून उठला, आणि हात पुढे केला. रुपराव महाविद्यालयाचा माळी, मूळचा पारशिवनीकडच्या एका कास्तकार घरातला, सरिताबाईंपेक्षा वयाने दोनेक वर्षांनी मोठा. निवृत्त झाल्यावरही रोजंदारीवर येत होता कारण घरी बसून त्याला झोप लागत नसे. "सावकाश बाई. डावा पाय आंदी," तो म्हणाला, आणि त्या उतरल्यावर लगेच हात सोडून पुन्हा खाली बसला, पाठ करून. इतक्या महिन्यांनी भेटणाऱ्या रुपरावची पाठ ही दिवसातली दुसरी चमत्कारिक गोष्ट होती, पण सरिताबाईंचे लक्ष तिकडे नव्हते. त्यांना एक शेंग हवी होती. पिकलेली शेंग कानाशी नेऊन हलवली की आतले सुटे दाणे वाजतात, म्हणून तर या झाडाला खुळखुळा म्हणतात, आणि साडेचार महिने त्या या एवढ्याशा आवाजाची वाट पाहत होत्या. त्यांनी हात लांबवला, खालच्या फांदीवरची एक शेंग अंगठा आणि बोटात धरली, आणि अंगठ्याला मखमल लागली.

मखमल. त्यांनी बोटे उचलली नाहीत. खुळखुळ्याची शेंग गुळगुळीत असते, धुतलेल्या चिनी मातीच्या कपाच्या कानासारखी. हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या, त्यांच्या अंगठ्याला ते माहीत होते. अंगठा आता काहीतरी सांगत होता आणि डोके ते ऐकायला तयार नव्हते. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या बोटांतली संवेदना काही आठवडे गेली होती, तशी हाताच्याही बोटांत काही गडबड झाली असेल, असा एक विचार अगदी गंभीरपणे येऊन गेला. औषधांचे नाव, मात्रा, संभाव्य परिणाम असे त्याचे पोटविचारही आले. तोवर डोळे पानाकडे गेले होते. खुळखुळ्याचे पान टोकाकडे रुंद होत जाते आणि टोकाला मधोमध दाबल्यासारखी खाच असते, जणू कोणी पान हातात घेऊन नखाने तेवढे काढून घेतले आहे. इथले पान अरुंद होते, भाल्याच्या पात्यासारखे, खाच नसलेले, दोन्ही बाजूंनी रेशमी लव असलेले. मग फूल. त्यांच्या फुलाच्या मागच्या पाकळीवर लालसर जांभळ्या शिरा असत. इथे कोरे पिवळे. जुन्या निघंटूंनी खुळखुळ्याच्या कुळाला शणपुष्पी म्हटले आहे, म्हणजे जिची फुले तागासारखी दिसतात ती; नावातच हजारभर वर्षांपूर्वी कुणीतरी सावध करून ठेवले होते, आणि वर्गात दरवर्षी हा दाखला देताना सरिताबाई एक पाऊल पुढे येऊन क्षणभर थांबत असत. हा ताग होता. कृषी केंद्रात पोत्याने मिळणारा, पावसाच्या तोंडी पेरून फुलावर आला की नांगरून मातीत गाडण्याचा, हिरव्या खताचा ताग. पेरल्यापासून पन्नासेक दिवसांत फुलणारा. अंगठा शेंगेवर होता तसाच होता. त्यांना जाणवले की आपण ती शेंग कुरवाळत आहोत, मांजराचा कान कुरवाळावा तशी, आणि मग मात्र त्यांनी हात काढून घेतला आणि साडीला पुसला.

ग्रॅनाइटवरचे वाक्य त्यांनी खालूनच दुसऱ्यांदा वाचले. सोनेरी अक्षरे तिरप्या उन्हात लांबूनही स्पष्ट होती. आता गद्याचे दोष दिसले नाहीत. वाक्य मोठ्या कौशल्याने रचलेले होते. निवृत्त विभागप्रमुख, खरे. सरिता डाखोळे, खरे. जतन केलेले, खरे, स्थानिक, खरे, वन्य, खरे. खोटे एकच क्रियापद होते, आणि त्याच्या भोवती एवढी खरी विशेषणे उभी केली होती की त्याच्यापर्यंत कोणाची नजर पोचू नये. आणि त्या खऱ्यांच्या रांगेत सर्वांत पुढे त्यांचे स्वतःचे नाव होते, पहारेकऱ्यासारखे. विदर्भातल्या कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाने इथे येऊन पान हातात घेतले असते तर त्याला हसू आले असते, आणि मग नाव वाचून त्याने आपले हसू मागे घेतले असते: डाखोळे मॅडम म्हणतात तर असेल काही. म्हणजे त्यांच्या नावाचा उपयोग पाहणाऱ्याचे डोळे झाकण्यासाठी केला होता. आणि दुसऱ्या कोणाचे झाकण्यापूर्वी त्यांचेच झाकले गेले होते. जुलै-ऑगस्टमध्ये दुर्गेशने छायाचित्रे पाठवली होती, एकेक पान, खाच स्पष्ट दिसणारे, सप्टेंबरात कळ्या, ऑक्टोबरात फुलाचा जवळून घेतलेला तपशील, जांभळ्या शिरांसह. आता त्यांना त्या फुलाच्या चित्राचा कोपरा आठवला. डाव्या बाजूला खाली एक निळी कड होती. ती निळी कड त्या रोज पाहत असत. ती त्यांच्याच गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची होती. त्याने त्यांनाच त्यांनी काढलेली तीन वर्षांपूर्वीची चित्रे पाठवली होती, कडा कापून, आणि त्यांनी त्यावर लिहून पाठवले होते: 'सुरेख. माझ्याहून चांगला फोटो काढतोस.'

दुर्गेश. नाव मनात आले आणि त्याच्याबरोबर, राग यायच्या आधी, एक स्कूटर आली. त्यांचे यजमान तेव्हा होते. त्यांची राखाडी स्कूटर, तिच्यावर पुढे दुर्गेश, सावनेरकडच्या तूर-कापूस करणाऱ्या घरातून एम.एस्सी.ला आलेला, चोवीस वर्षांचा, आणि मागे सरिताबाई, पाठीवर नमुने ठेवायची पेटी. उतार पहिल्यांदा त्याने पाहिला होता. जानेवारीची सकाळ होती, सगळे वाळलेले, आणि तो स्कूटर थांबवून म्हणाला होता, "मॅडम, हे काहून फुलून राहिलं आता?" त्या एका 'काहून'साठी त्यांनी त्याला पुढची अकरा वर्षे दिली. मुलांना काय, कुठे, किती हे प्रश्न पडतात. काहून हा प्रश्न तीस वर्षांत तीन-चार जणांनाच पडला. दोन वर्षे तो त्यांच्याच गच्चीवरच्या खोलीत राहिला, त्यांच्याच ताटात जेवला. रविवारी दुपारी दोघे पॉलिश पेपरवर बी घासत बसत, कारण खुळखुळ्याच्या बियांची साल इतकी टणक असते की ओरखडा काढल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. त्याच्या प्रबंधातली सहाशे वाक्ये त्यांनी दुरुस्त केली. त्याला बोलताना अडखळल्यासारखे होई, म्हणून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले, महिनोन्महिने, संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता. यजमान गेले तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत तो होता. सरिताबाईंच्या निवृत्तीनंतर विभागातली त्यांची खोली त्याला मिळाली आणि त्यांनी खुर्चीची उशी मुद्दाम तिथेच सोडली. हे सगळे आठवणे त्यांना आता घृणास्पद वाटले, कारण प्रत्येक आठवण त्याच्या बाजूने साक्ष द्यायला येत होती.

आणि डबा. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आत गोवरीच्या राखेत मिसळलेले बी. राखेत ठेवायचे रुपरावने शिकवले होते. राखेने किडा लागत नाही. आणखी एक त्यानेच शिकवले होते, त्याच्या गावच्या कास्तकारांचा नेम: अख्खे बी एका पेऱ्याला कधी वावरात न्यायचे नाही, निम्मे घरी राहिले पाहिजे, पाऊस दगा देईल, रानडुक्कर उकरील, पण घरचे निम्मे राहील. सरिताबाईंनी हा नेम शास्त्रीय परिभाषेत गुंडाळून तीस वर्षे वर्गात सांगितला, आणि अकरा वर्षे स्वतः पाळला. यंदा मोडला. मे महिन्यात गच्चीची गळती बंद करण्यासाठी सगळ्या कुंड्या हलवाव्या लागल्या, झाडे तशीही वर्षायू, फेब्रुवारीतच वाळलेली. जे होते ते सगळे डब्यात होते. खापरखेड्याचा उतार मुरमाखाली. शस्त्रक्रिया जूनच्या शेवटच्या आठवड्यात. त्या वयाच्या बायका गुडघ्यासाठी टेबलावर चढतात आणि रक्ताची एक गुठळी फुप्फुसात जाऊन उतरतच नाहीत, हे त्यांनी गरजेपेक्षा जास्त वाचले होते. आदल्या संध्याकाळी दुर्गेश भेटायला आला तेव्हा त्यांनी डबा त्याच्यापुढे ठेवला. "निम्मं काढून देऊ का घरात ठेवायला?" त्याने विचारले होते. "आता घर तुझ्याकडेच," त्या म्हणाल्या होत्या. वाक्य चांगले जमले होते. ते म्हणताना आपले डोळे किंचित भरून येत आहेत याचे त्यांना समाधानही वाटले होते. आज त्या वाक्याची त्यांना शिसारी आली. भावनेच्या भरात माणूस जे सुंदर बोलतो त्याची किंमत दुसऱ्याच कोणालातरी द्यावी लागते, आणि इथे तो दुसरा कोणी माणूससुद्धा नव्हता, एक झाड होते.

"रुपराव," त्या म्हणाल्या.

"जी."

"हे काय आहे?"

रुपरावने खुरपे मातीत खुपसले आणि तिथेच ठेवले. "तुमाले माईत हाय बाई."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

"ताग हाय. आमच्या वावरात दर वर्षी गाडतो आमी. याच्यासमोर उभं राहून फोटू काढतेत लोकं, मले हासू येते." त्याला हसू आलेले नव्हते. "बाकीचं मले नका इचारू. दुर्गेश सरायले इचारा. म्या हात नाई लावला, एवढंच सांगतो."

कशाला हात लावला नाही, हे त्यांनी विचारले नाही. त्यांना ते वाक्य पेरणीविषयीचे वाटले: दुर्गेशने स्वतः पेरले, माळ्याला जवळ येऊ दिले नाही. शोभाताई वरच्या पायरीवरून वाकून ऐकत होत्या. "ताग तर ताग," त्या म्हणाल्या, "काय फरक पडते सरिता? पिवळं ते पिवळं. भुंगे येऊन राहिले ना? मीच पाहिले, एवढे मोठे." भुंगे येत होते, हे खरे होते. भुंग्यांची काही तक्रार नव्हती. ऑक्टोबरात, जेव्हा साऱ्या रानात पंगत उठत होती, तेव्हा त्यांना इथेही एक ताट वाढले गेले होते. डिसेंबरात हा ताग वाळून काड्या झालेला असेल आणि त्या वेळी उपाशी भुंग्यांकडे कोणतीही समिती जाणार नव्हती. हे शोभाताईंना समजावून सांगता आले असते. त्या हुशार होत्या. पण सरिताबाईंना एकदम थकल्यासारखे झाले, आणि त्या कडेच्या सिमेंटच्या बाकावर, नवा गुडघा सरळ ठेवून बसल्या. "दुर्गेशला फोन लाव," त्या म्हणाल्या. "इथे ये म्हणावं."

तो येईपर्यंतच्या वेळात त्यांनी त्याचा बचाव तयार केला. हे त्यांना नंतर फार लाजिरवाणे वाटले, पण सवय होती. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेआधी त्या रात्र रात्र जागून त्याच्यासाठी संभाव्य आक्षेप आणि उत्तरे काढत असत. आक्षेप: बी सोपवले होते, त्याचे काय झाले? उत्तर: उगवले नाही. घासताना एखादी मूठ कमी घासली गेली असेल; किंवा घासून लगेच पेरले नसेल; किंवा जुलैतल्या त्या मुसळधार चार दिवसांत वर चिकण मातीची पापडी धरली असेल आणि कोंब खालीच गुदमरले असतील. त्याने रोज सकाळी येऊन वाफ्याकडे पाहिले असेल. मॅडम पलंगावर, पायाला पट्ट्या, त्यांना कसे सांगायचे. आज सांगू, उद्या सांगू. मग समितीची तारीख अंगावर आली. लाजेपोटी माणूस काय काय करतो. लाज ही तशी कोवळ्या मनाची गोष्ट आहे. खोटे बोलला, हो. चित्रे कापून पाठवली, हो. पण त्याच्या मुळाशी मला दुःख होऊ नये हीच इच्छा असेल. त्यांनी हे कलम मनात दोनदा वाचले आणि ते टिकेल असे त्यांना वाटले. क्षमा करता येण्याजोगा एक गुन्हा त्यांनी त्याच्यासाठी बेतून ठेवला होता, आणि मग त्यांना खरोखर महत्त्वाच्या एकाच प्रश्नाकडे जाता आले. त्याने निम्मे ठेवले असेल. रुपरावचा नेम त्याला पाठ होता. डबा देताना त्यानेच तर विचारले होते. निम्मे नाही, मूठभर. मूठभर नाही, दहा दाणे. दहा दाण्यांतून तीन वर्षांत पुन्हा डबा भरतो, हे त्यांनी एकदा केलेले होते. दुर्गेशला शिक्षा व्हावी असे त्यांना त्या क्षणी वाटत नव्हते, पाटी काढावी असेही नाही. त्यांना दहा दाणे हवे होते. ते असले तर हे सगळे एक वाईट वर्ष होते. नसले तर त्या उतारावर कितीएक वर्षे जे डिसेंबरात फुलत आले होते ते पृथ्वीवर संपलेले होते, आणि त्यांचे नाव त्याच्या थडग्यावर सोन्याने लिहिलेले होते.

दुर्गेश चहाचा काचेचा पेला घेऊन आला. भरभर पायऱ्या उतरला, वाकून पाया पडला, पेला त्यांच्या शेजारी बाकावर ठेवला. पस्तिशीतच कानशिलाजवळ पिकलेला, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात दोन पेन. "कसा आहे गुडघा मॅडम? मला आधी कळवायचं ना, मी घ्यायला आलो असतो. जिने चढू नका अजून." त्याचे मराठी स्वच्छ होते, एक एक शब्द त्यांच्या स्वयंपाकघरात घासून घेतलेला.

"ताग आहे हा," त्या म्हणाल्या.

त्याने ताटव्याकडे पाहिले नाही. "हो मॅडम."

तो वाद घालेल, अशी त्यांची अपेक्षा होती. वाद नसल्यामुळे पुढचे वाक्य शोधावे लागले. "बी घासलं होतंस का पेरण्याआधी?"

"घासलं होतं. चार दिवस घासत होतो."

"मग मातीची पापडी धरली असेल. जुलैत फार पाऊस झाला. कोंब वर आले नसतील." आपण त्याला उत्तरे सुचवत आहोत हे त्यांना ऐकू येत होते, आणि त्या थांबल्या नाहीत. "तू मला सांगायला हवं होतंस. मी रागावले असते, दोन दिवस बोलले नसते. पण उगवलं नाही यात तुझा काय दोष? उगवलं नाही, म्हणून तू ताग टाकलास. एवढंच ना?"

त्याने फक्त मान हलवायची होती. शोभाताई वर पाटीजवळ जाऊन फोनवर कोणाशीतरी बोलत होत्या. रुपराव पाठ करून बसला होता. त्याचे खुरपे मातीत तसेच खुपसलेले होते. दुर्गेशने खिशातल्या पेनांना हात लावला, एक पेन उगीच वर काढले, पुन्हा आत सरकवले. त्याच्या मानेची ती लहानशी हालचाल सुरू होते आहे असे सरिताबाईंना एकदा वाटलेही.

"ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पाटीचं नंतर पाहू. मला फक्त एवढं सांग, बी किती उरलं आहे? निम्मं ठेवलं असशील. थोडं असलं तरी चालेल, दुर्गेश. दहा दाणे असले तरी पुरे."

दुर्गेश त्यांच्या पायाशी, खालच्या पायरीवर बसला. वर न बघता तो बोलू लागला, आणि तो जे बोलला ते, त्यांनी त्याला शिकवलेल्या भाषेत नव्हे तर तो घरून घेऊन आला होता त्या भाषेत, शब्दशः असे होते:

"एकही नाही उरलं मॅडम. जागा मोठी होती, सगळंच पेरलं म्या. अन् सगळं उगवलं. तुम्ही समजून राहिले का ते आलंच नाही. आलं होतं, गुडघ्याइतकं झालं होतं ऑगस्टात, एवढं चांगलं तुमच्या गच्चीवर कधी नाही आलं. पण समितीले ऑक्टोबरात फूल पाहिजे होतं, अन् याले डिसेंबर लागते, हे तर तुम्हीच शिकवलं मले. अध्यक्ष साहेब म्हणे, नुसत्या हिरव्या पाल्याचं उद्घाटन करू का गा? रुपरावले सांगतलं तर तो खुरपं टाकून निघून गेला. मंग मीच उपटलं, एकट्यानं, दोन दिवस. मले ओळखू येत होतं मॅडम, पानापानाची खाच दिसत होती. चुकून नाही उपटलं. पाऊस चालू होता, जमीन ओली होती, दोन बोटांनी निघत होतं."